आपले म्हणणे धोरणात कसे उतरवावे: सरकारबाहेरच्या संघटनांसाठी मार्गदर्शन

निवडणूक चार-पाच वर्षांतून एकदा होते, धोरणे मात्र रोज ठरत असतात. त्या मधल्या काळात उद्योगांचे महासंघ, कामगार आणि शेतकरी संघटना, डॉक्टर-वकिलांच्या संस्था, रुग्णांचे व अपंगांचे गट, पर्यावरणासाठी झटणारी मंडळी असे असंख्य गट सरकारच्या दारात उभे असतात. त्यांपैकी काहींचे म्हणणे कायद्याच्या भाषेत उतरते, बहुतेकांचे निवेदन पोच देऊन ठेवून दिले जाते. हा फरक केवळ पैशाने पडतो, असे मानून अनेक लहान संघटना आधीच हात टेकतात. पैशाचे वजन मोठे असते हे खरेच आहे. तरीही श्रीमंत गटांचा खरा फायदा असा की निर्णय कोणत्या टेबलावर, कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या शब्दांत होणार, हे त्यांना ठाऊक असते. ही माहिती गुप्त नाही, ती शिकता येते, आणि ज्यांच्या आयुष्यावर धोरणाचा सर्वाधिक परिणाम होतो त्यांनी ती शिकलीच पाहिजे, या तळमळीने हे लिहीत आहे.

मागणीचे आधी कलम करा

आमच्या संघटनेचे शिष्टमंडळ पहिल्यांदा एका सरकारी कार्यालयात गेले तेव्हा निवेदनात चौदा मागण्या होत्या. समोरच्या अधिकाऱ्यांनी निवेदन शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, “सगळे पटते आहे. पण मी नेमके कोणते कलम बदलायचे?” आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नात तुच्छता नव्हती. त्यांना फायलीवर टिप्पणी लिहायची होती आणि टिप्पणी कलमावर लिहिली जाते, कळकळीवर लिहिता येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. निवृत्तिवेतनाच्या एखाद्या योजनेच्या मसुद्यात, लाभार्थी ‘ऑनलाइन अर्ज करील’ असे म्हटले आहे. ‘वृद्धांच्या अडचणींचा सहानुभूतीने विचार व्हावा’ असे निवेदन दिल्यास ‘विचार करण्यात येत आहे’ असे उत्तर येईल आणि विषय तिथेच थांबेल. त्याऐवजी असे लिहावे: ‘कलम ७, उपकलम (२) मधील “ऑनलाइन अर्ज करील” या शब्दांऐवजी “ऑनलाइन किंवा लेखी अर्ज करील, आणि लेखी अर्ज मिळाल्याची पोच त्याच दिवशी देण्यात येईल” हे शब्द घालावेत.’ हे वाक्य अधिकारी जसेच्या तसे उचलू शकतो. नाकारायचे असेल तर त्याला कारण लिहावे लागते, आणि लेखी कारण मिळाले की पुढचा युक्तिवाद कशावर करायचा ते आपल्याला कळते.

मागणी नेमकी करणे म्हणजे ध्येय लहान करणे असे अनेक कार्यकर्त्यांना वाटते. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली तेव्हा तिचे सभासद अवघे बारा होते. गुलामगिरीच नष्ट करा अशी मागणी करायची की फक्त गुलामांच्या व्यापारावर बंदी मागायची, हा त्यांच्यापुढचा पहिला पेच होता. गुलामगिरीला हात घातला की मालमत्तेच्या हक्काचा आणि वसाहतींच्या स्वायत्ततेचा वाद उभा राहणार होता. व्यापाराचे नियमन करण्याचा संसदेचा अधिकार मात्र निर्विवाद होता. म्हणून त्यांनी व्यापार निवडला. व्यापारावर बंदी १८०७ मध्ये आली आणि ब्रिटिश वसाहतींतील बहुतांश भागातली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ मध्ये झाला. पहिली मागणी अशी निवडावी की ती मान्य करण्याचा अधिकार समोरच्याकडे निःसंशय असेल.

हाच धडा महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्यातही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी कितीतरी वर्षे पाठपुरावा केला. ‘अंधश्रद्धा’ या शब्दाची कायद्यात चालेल अशी व्याख्या करणे जवळजवळ अशक्य होते, आणि श्रद्धेवर घाला येणार अशी भीती विरोधक घालत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्या कायद्याला जोडलेली अनुसूची प्रत्येक संघटनेने एकदा वाचावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप-विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे अशी बारा प्रकारची कृत्ये तीत वर्णन करून दिली आहेत. ज्या कल्पनेवर अंतहीन वाद घालता येत होता तिच्या जागी पोलीस ठाण्यात नोंदवता येतील अशी कृत्ये आली.

निर्णय कुठे अडला आहे ते शोधा

धोरण म्हणजे एक कागद नसतो. संविधान, कायदा, कायद्याखालचे नियम, अधिसूचना, शासन निर्णय, परिपत्रक, अर्थसंकल्पातील तरतूद आणि शेवटी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याची सवय, अशी ती उतरंड आहे. आपली अडचण यांपैकी कोणत्या पायरीवर आहे हे ठरवल्याशिवाय पुढचे कष्ट वाया जातात. परिपत्रकाने सुटणाऱ्या प्रश्नासाठी कायदादुरुस्तीची मागणी केली तर प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळतो. उलट कायद्यातच नसलेली गोष्ट परिपत्रकाने मागितली तर अधिकारी हात वर करतो, आणि ते योग्यच असते.

पायरी चुकली की काय होते ते माहितीच्या अधिकाराच्या इतिहासात दिसते. भारतात माहिती स्वातंत्र्य कायदा २००२ मध्ये संसदेने संमत केला, पण तो कधीच अमलात आला नाही, कारण तो लागू करण्याची तारीख सरकारने अधिसूचित केली नाही. संपूर्ण कायदा एका अधिसूचनेअभावी कागदावर राहिला. नंतर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा झाला तेव्हा तो किती दिवसांत पूर्णपणे अमलात यायचा हे कायद्यातच लिहिलेले होते, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. आपल्या मागणीत ‘हा बदल अमुक दिनांकापासून लागू होईल’ हे वाक्य आहे का, ते तपासावे.

मंत्र्यांच्या भेटीचे छायाचित्र छापून येते, त्यामुळे सगळा भर त्या भेटीवर असतो. वास्तविक फाईलवर पहिली टिप्पणी बऱ्याच खालच्या टेबलावर लिहिली जाते, आणि पर्याय कोणते आहेत, खर्च किती येईल, कोणत्या विभागाचे अभिप्राय घ्यायचे, हे बहुतांशी त्या टिप्पणीतच ठरते. मंत्र्यांसमोर फाईल येते तेव्हा निवड दोन-तीन पर्यायांतून करायची असते. आपला पर्याय त्यांत नसेल तर मंत्र्यांची सहानुभूती असूनही फारसे काही घडत नाही. म्हणून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव यांच्या पातळीवर आदराने, वेळ घेऊन आणि कागद घेऊन जावे.

मसुद्याच्या दिवसांत पोहोचा

या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचा काळ मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून हरकती व सूचनांची मुदत संपेपर्यंतचा. अमेरिकेत १९४६ पासून कायद्यानेच अशी पद्धत आहे की प्रशासनाने नियम करण्याआधी त्याचा मसुदा जाहीर करावा आणि लोकांच्या सूचना घ्याव्यात. भारत सरकारने २०१४ मध्ये विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले. विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. ते कायद्याइतके बंधनकारक नाही आणि अनेक विधेयके त्याला बगल देऊन मांडली जातात, ही गंभीर उणीव आहे. तरीही निवेदनात त्या धोरणाचा हवाला द्यावा. ज्या नियमाची कोणी आठवण करून देत नाही तो नियम मरतो.

सूचना कशी पाठवावी याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, दोन सल्लामसलतींचे आहे. मार्च २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी शंभराहून अधिक पानांचा सल्लामसलत-दस्तऐवज काढला आणि त्यात वीस प्रश्न विचारले. सामान्य माणूस तो वाचणार नाही हे उघड होते. काही स्वयंसेवकांनी तो वाचला, सोप्या भाषेत समजावून सांगितला, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार केले आणि ते ट्रायला ईमेलने पाठवण्याची सोय करून दिली. दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायने, कंपन्यांनी वेगवेगळ्या मजकुरासाठी डेटाचे वेगवेगळे दर आकारावेत का, या प्रश्नावर दुसरा दस्तऐवज काढला. त्यात प्रश्न चारच होते. या वेळी फेसबुकने, निवडक संकेतस्थळे डेटाच्या खर्चाविना दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ सेवेच्या बाजूने वापरकर्त्यांकडून लाखो तयार संदेश पाठवले. त्यांत सेवेला पाठिंबा होता, पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नव्हती, आणि ट्रायने ते स्पष्टपणे निदर्शनास आणले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार डेटाचे भेदभावाचे दर आकारण्यास मनाई करणारा विनियम काढला. संख्या दोन्ही वेळी प्रचंड होती. जगातल्या बलाढ्य कंपनीची मोहीमही प्रश्न न वाचता उत्तर दिल्यामुळे कमकुवत ठरली, हे लहान संघटनांनी मनावर कोरून ठेवावे.

मसुदा कोणत्या भाषेत आहे याकडेही लक्ष द्यावे. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने सूचनांची मुदत वाढवली आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये त्याचे भाषांतर करण्याचे निर्देश दिले. ज्या खाणीच्या किंवा धरणाच्या जवळ माणूस राहतो तिच्याविषयीचा नियम त्याला वाचता येत नसेल, तर सूचना मागवण्याला अर्थ राहत नाही. भाषांतराची आणि मुदतवाढीची मागणी मसुदा आल्याच्या पहिल्या आठवड्यातच लेखी करावी. मुदत संपताना केलेली मागणी वेळकाढूपणा वाटते.

विधेयक सभागृहात मांडले गेले तरी दार बंद होत नाही. भारतीय संसदेत विभागांशी संलग्न अशा २४ स्थायी समित्या आहेत आणि प्रत्येकीत ३१ सदस्य असतात. विधेयक समितीकडे गेले की ती बहुधा जाहीर सूचना काढून निवेदने मागवते आणि काहींना साक्षीसाठी बोलावते. समितीच्या खोलीत कॅमेरे नसतात, पक्षादेश लागू होत नाही, आणि सदस्य एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात. मला स्वतःला सभागृहातील गाजलेल्या भाषणापेक्षा समितीच्या अहवालातील एक शिफारस अधिक मोलाची वाटते. कधी ही संधी अगदी थोड्या दिवसांची असते: स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांविषयीचे कायदे सुधारण्यासाठी सरकारने डिसेंबर २०१२ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला आणि तेवढ्या काळात तिच्याकडे सुमारे ८०,००० सूचना आल्या. ज्या स्त्री संघटनांकडे अनेक वर्षांचे टिपण तयार होते त्या एवढ्या मुदतीतही नेमके काही मांडू शकत होत्या. कोऱ्या पाटीने बसलेल्यांना ते शक्य नव्हते.

पुरावा स्वतः गोळा करा

सरकारकडे आकडे असतात, पण ते आकडे जिथून येतात ती जागा आपण पाहिलेली असते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने, अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांच्या पुढाकाराने, डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांची नावे कागदावर होती ती माणसे समोर बसलेली होती, आणि आपण त्या कामावर गेलोच नव्हतो, आपल्याला ते पैसे मिळालेच नाहीत, असे ती उभी राहून सांगू लागली. कागद आणि माणूस एकमेकांसमोर आणण्याची ही पद्धत इतकी प्रभावी ठरली की ‘हिशेब दाखवा’ या गावपातळीवरच्या मागणीतून माहितीच्या अधिकाराची देशव्यापी मोहीम उभी राहिली.

आपल्या गटानेही असेच करावे. शंभर तक्रारी ढोबळपणे सांगण्यापेक्षा तीस प्रकरणे नीट नोंदवावीत: अर्जाची तारीख, आवक क्रमांक, नकाराचे पत्र, किती फेऱ्या झाल्या, किती मजुरी बुडाली. संबंधितांची लेखी संमती घ्यावी आणि नावे उघड करण्याने त्यांना त्रास होणार असेल तर ती झाकावीत. आपल्या बाजूच्या पुराव्यातील कच्चे दुवे आपणच सांगावेत. ते विरोधकाने दाखवले की उरलेला पुरावाही संशयात सापडतो. शिवाय सरकारला कायम पडणाऱ्या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत: खर्च किती येईल, तो कोण देणार, आणि या बदलाने कोणाचे नुकसान होईल. तिसऱ्या प्रश्नाला ‘कोणाचेही नाही’ असे उत्तर देणाऱ्यावर अनुभवी अधिकारी विश्वास ठेवत नाही.

पुराव्याचा दुरुपयोग कसा होतो तेही ओळखता आले पाहिजे. तंबाखू उद्योगाने १९५० च्या दशकापासून धूम्रपान आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी जाणीवपूर्वक संशय पसरवला. शंका हेच आपले उत्पादन आहे, असे १९६९ मधील एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिलेले होते. विज्ञान खोटे ठरवण्याची गरज नव्हती, ‘अजून अभ्यास हवा’ एवढे म्हणत राहिले की निर्णय लांबत होता. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण करारातील कलम ५.३ नुसार सरकारांनी आपली आरोग्य धोरणे या उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवायची असतात. आपल्या विषयात कोणी सतत आणखी अभ्यासाची मागणी करत असेल, तर त्या अभ्यासाचा खर्च कोण करतो ते आधी पाहावे.

निवेदनाचा कागद

निवेदन दोन पानांचे असावे, पुरावे स्वतंत्र परिशिष्टात. सुरुवातीला आपण कोण, किती जणांच्या वतीने बोलतो, या विषयाशी आपला संबंध काय. मग आपण प्रत्यक्ष काय पाहिले. मग सुचवलेले शब्द. शेवटी खर्च आणि लागू करण्याची तारीख. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेले निवेदन आजही नमुना म्हणून वाचण्यासारखे आहे. ते राज्य लोकांचे नव्हते, तरी मांडणीची रीत शिकण्यासारखी आहे: आपण शाळा काढल्या, चालवल्या, हा अनुभव आधी, आणि नंतर किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी स्पष्ट शिफारस. प्रत्येक निवेदनाची पोच घ्यावी, आवक क्रमांक लिहून घ्यावा, आणि भेटीनंतर दोन दिवसांत ‘आपल्या भेटीत पुढील मुद्द्यांवर चर्चा झाली’ असे पत्र पाठवावे.

सभागृहातले मित्र

लोकप्रतिनिधीला भाषणासाठी मुद्दे देणे ठीक आहे, पण त्याहून उपयोगी आहे तो तयार प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर पुढे कित्येक वर्षे पुरावा म्हणून वापरता येते. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे किमान एकेक सदस्य जोडून ठेवावेत, कारण सरकारे बदलतात.

अशासकीय विधेयकाकडून, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाकडून, मात्र योग्य तेवढीच अपेक्षा ठेवावी. भारतीय संसदेत १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही. तरी राज्यसभेचे सदस्य तिरुची सिवा यांनी मांडलेले तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक एप्रिल २०१५ मध्ये राज्यसभेने संमत केले, आणि त्यानंतर सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले. २०१९ मध्ये झालेल्या त्या कायद्यातील अनेक तरतुदींना तृतीयपंथी समाजातूनच तीव्र विरोध झाला. दार उघडले गेले, पण आत काय लिहायचे हे दुसऱ्यांनी ठरवले. म्हणून विषय सरकारने स्वीकारला त्या क्षणी आनंदात न राहता पहिल्या मसुद्यापासून पुन्हा टेबलाशी बसावे लागते.

रस्ता आणि न्यायालय

चर्चेचे सगळे मार्ग बंद झाले की रस्त्यावर उतरणे हा लोकशाहीतील पूर्ण वैध मार्ग आहे. १९९६ मध्ये राजस्थानातील ब्यावर येथे माहितीच्या अधिकारासाठी चाळीस दिवस धरणे चालले, आणि तिथेही मागणी नेमकी होती: पंचायतीच्या कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा हक्क. न्यायालयाचा मार्ग लांबचा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली ती १९९७ मध्ये, आणि संसदेचा कायदा झाला २०१३ मध्ये. निकाल हाती आला तरी कायद्याच्या मसुद्याचे काम वेगळे करावेच लागते.

आपण कोण आहोत ते उघड सांगा

प्रभाव टाकणे हा नागरिकांचा हक्क आहे, तो लपवून करणे मात्र लोकशाहीला पोखरते. अमेरिकेत १९९५ पासून आणि आयर्लंडमध्ये २०१५ पासून लॉबिंग, म्हणजे धोरणावर प्रभाव टाकण्याचे काम, करणाऱ्यांनी आपली व आपल्या अशिलांची माहिती जाहीर करण्याचे कायदे आहेत. युरोपीय संसद आणि युरोपीय आयोग यांची सामाईक पारदर्शकता नोंदवही २०११ मध्ये सुरू झाली. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. पक्षांना मिळणारा पैसा आणि धोरण यांचा संबंध जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षांना नाव उघड न करता देणगी देऊ देणारी निवडणूक रोखे योजना रद्द करताना मान्य केले.

कायदा सांगत नसला तरी आपल्या गटाने पुढील शिस्त पाळावी. देणगीदारांची यादी आणि वार्षिक हिशेब जाहीर ठेवावेत. मंत्र्यांना एक आणि वृत्तपत्रांना दुसरे असे बोलू नये. अधिकाऱ्यांना भेटवस्तू देऊ नयेत, कितीही लहान असो. एखाद्या कंपनीचा हितसंबंध आपल्या मागणीशी जुळत असेल तर तसे निवेदनातच लिहावे. या शिस्तीमुळे काही दारे उशिरा उघडतात, पण एकदा उघडली की कोणी आपल्यावर बोट ठेवू शकत नाही.

कायदा झाल्यानंतरची वही

कायदा संमत झाला की बहुतेक संघटना सत्कार करून पांगतात, आणि नेमके तेव्हाच नियम लिहिले जातात. कोणता अधिकारी, किती दिवसांत, कोणत्या नमुन्यात, किती शुल्क घेऊन, हे सगळे नियमांत असते. मिळालेले पुन्हा जाऊही शकते: माहितीच्या अधिकार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंदावण्याची तरतूद आली.

म्हणून संघटनेत एका व्यक्तीवर केवळ एवढेच काम सोपवावे, की राजपत्र, विभागाचे संकेतस्थळ आणि अधिवेशनाची कामकाजपत्रिका दर आठवड्याला पाहायची आणि एका जाड वहीत नोंद करायची: तारीख, फाईल क्रमांक, ती सध्या कोणत्या टेबलावर आहे, कोण काय म्हणाले, पुढची मुदत केव्हा संपते. अधिकारी बदलतात, मंत्री बदलतात, आपल्यातले कार्यकर्तेही थकतात. नव्याने रुजू झालेल्या उपसचिवांना त्या फाईलचा सहा वर्षांचा प्रवास तारखांनिशी सांगू शकणारी व्यक्ती समोर बसली, की पुढची टिप्पणी लिहिण्याआधी ते तिला विचारतात.